मैना उठली तो दिवस

आमच्या डिटॅचमेंटची पोस्टिंग तारापूरच्या किनाऱ्यावर निघाली तेव्हा बरॅकमध्ये माझी फार चेष्टा झाली. मी माहीमचा. मुंबईचं माहीम नव्हे, पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं. पंजाबात आणि आसामात वर्षं काढलेल्या माणसाला सरकारने उचलून थेट त्याच्या आईच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं, असं सगळ्यांचं म्हणणं. "राऊत, ड्यूटीवर चाललास की माहेरपणाला?" असं आमचा हवालदारसुद्धा म्हणाला. प्रत्यक्षात तारापूरला होतो तोवर एकदाही घरी जायला मिळालं नाही. आईने वाडीतली केळी पाठवली, ती घोड्यांनी खाल्ली. मला दोन मिळाली.

साल पासष्ट. लढाई थांबून थोडेच दिवस झाले होते. गोळी थांबली होती, पहारा थांबला नव्हता. तारापूरला वीजघराचं काम सुरू होतं, बोईसर स्टेशनवर देशभरातले मजूर उतरत होते आणि सगळ्या किनाऱ्यावर नजर ठेवायचा हुकूम होता. पण या किनाऱ्याला तेव्हा धड रस्ता नव्हता. दर दोन-तीन मैलांवर खाडी, खाडीत गुडघाभर चिखल. जीप घातली की जीप काढायला दुसरी जीप. म्हणून आम्हाला बोलावलं. आम्ही ॲनिमल ट्रान्सपोर्टवाले. डझनभर घोडे-खेचरं, एक वायरलेस सेट, वैरण आणायचा एक ट्रक आणि सुरूच्या बनात चार तंबू, एवढी आमची पोस्ट. मी नाईक होतो, दाणा-वैरण आणि औषधांचा स्टोअर माझ्याकडे.

पोस्टचे कमांडर कॅप्टन घोष. स्वतः जनावरांचे डॉक्टर. अंगाने काटकुळे, जाड भिंगाचा चष्मा. माणसांशी इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत बोलायचे, घोड्यांशी मात्र बंगालीत. रागावले की एकदम गप्प होत, आणि ते गप्प झाले की आमची पाचावर धारण बसे.

दुसरा माणूस सिपाही भंवर सिंग. मारवाडातला, वाळूत वाढलेला. त्याने समुद्र पहिल्यांदा तारापुरात पाहिला आणि त्याला तो अजिबात आवडला नाही. जेवायला बसला तरी समुद्राकडे पाठ करून बसायचा. पोहता येत नव्हतं. आम्ही त्याला खूप छळायचो, रात्री तंबूत पाणी शिरलं म्हणून उठवायचो. तो उठून आधी मैनेचं दावं सोडायला धावायचा, मग शिव्या द्यायचा.

मैना ही त्याची घोडी. तपकिरी रंग, मागचा एक पाय खुरापाशी पांढरा. सरकारी कागदावर तिला नंबर होता, नाव भंवर सिंगने ठेवलेलं. बासष्टच्या माघारीत त्याला डोंगरात ताप भरला. शुद्ध नव्हती. बरोबरच्यांनी त्याला खोगिरावर बांधलं आणि पुढे अंधारात त्यांची चुकामूक झाली. ती घोडी एकटी त्याला घेऊन रात्रभर उतरत आली आणि सकाळी खालच्या कॅम्पच्या पागेसमोर येऊन उभी राहिली. तेव्हापासून तो पगार झाला की आधी तिच्यासाठी गूळ घ्यायचा. लग्न का करत नाहीस म्हटलं तर मैनेला विचारून सांगतो म्हणायचा. हे सगळं आम्हाला गमतीचं वाटे. एका माणसाचा जीव दुसऱ्या जिवात इतका अडकलेला असतो हे मला पुढे कळलं.

ऑक्टोबरमधली सकाळ. भंवर सिंग पहाटेची गस्त संपवून खाडी ओलांडत होता. तिथे कोळी लोक डोल लावतात, म्हणजे मासे धरायची मोठी जाळी, आणि त्यासाठी चिखलात लाकडी खुंट रोवलेले असतात. एक जुना खुंट पाण्याखाली मोडून टोकदार झाला होता. मैना घसरली आणि तो तिच्या डाव्या मांडीत शिरला. भंवर सिंग तिला चालवत पोस्टवर घेऊन आला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत रक्त होतं. ते सगळं तिचं.

कॅप्टनसाहेबांनी जखमेत बोट घातलं आणि गप्प झाले. लाकडाचा तुकडा आत खोल मोडला होता, हाडाच्या बाजूला. आजच काढायला हवा, नाहीतर आत सडेल. उभ्या घोड्याचं असलं काम होत नाही. त्याला झोपवावं लागतं. तेव्हा आमच्याकडे क्लोरल होतं, ते पाण्यात मिसळून मानेच्या शिरेतून सोडायचं. घोडा डुलतो, गुडघे मोडतो आणि आडवा होतो.

इथे तुम्हा सिव्हिलियन लोकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घोडा हा फार वजनदार प्राणी, आणि देवाने त्याला उभा राहायला केलाय. आपणहून झोपला तरी थोडा वेळ, आणि तेही कूस बदलत. औषधाने झोपवलेला घोडा कूस बदलत नाही. त्याचं सगळं वजन खालच्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यावर, आणि मागच्या पुठ्ठ्यावर पडतं. तिथलं मांस दबतं, त्यात रक्त पोचत नाही. जखम दुसऱ्या बाजूला असते आणि मरतं ते खालचं मांस. म्हणून आमच्याकडे सक्त नियम होता की घोडा झोपवायचा तो कमरेइतक्या पेंढ्याच्या गादीवर, आणि काम उरकायचं झटपट.

पेंढा नव्हता. भाताची कापणी व्हायची होती, शेतं सगळी उभी. गावात कुणाकडे गेल्या वर्षाचा पेंढा असला तर तो पावसात कुजलेला. आमच्या वैरणीच्या गासड्या रेल्वेच्या वाघिणीतून पालघरला येऊन पडल्या होत्या. साहेबांनी मला ट्रक देऊन तिकडे पाठवलं. म्हणाले, "नाईक, जल्दी." मी सॅल्यूट मारला आणि निघालो.

जल्दी कसली. पालघर यार्डात वाघीण दुसऱ्या लाइनीवर ढकललेली, तिच्यापुढे सिमेंटच्या वाघिणी. गासड्या हाती लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. परतताना बोईसरच्या फाटकाशी मजुरांचा तांडा रस्ता अडवून उभा. एकजण ड्रायव्हरला विचारतो, "फौजी भाई, घास लेके कहाँ लड़ने जा रहे हो?" दुसरी वेळ असती तर मीही काहीतरी ठेवून दिलं असतं. त्या दिवशी ड्रायव्हरला म्हटलं, हॉर्न दाब.

पोस्टवर पोचलो तर तंबू रिकामे. सगळे खाली किनाऱ्यावर होते. ओहोटीने समुद्र पार लांब गेलेला, मधे सपाट ओली वाळू चकाकत होती आणि त्या वाळूवर मैना आडवी. उजवी कूस खाली.

काय झालं ते मला नंतर कळलं. माझी वाट पाहत असताना जखमेतून पुन्हा रक्त सुटलं आणि थांबेना. साहेबांना थांबणं शक्य नव्हतं. पोस्टची जमीन दगडांनी आणि सुरूच्या मुळांनी भरलेली. भंवर सिंगने समुद्राकडे हात केला आणि म्हणाला, साहब, रेत है, रुई जैसी. त्याच्या मुलखात ते खरंच आहे. तिथल्या वाळूत माणूस घोट्यापर्यंत रुततो, घोड्याला तिथे झोपवलं तर गादीच. साहेबांनी आधी वरची कोरडी वाळू पाहिली, पण वारा होता, वाळू उडून जखमेत गेली असती. म्हणून खालची ओली पट्टी निवडली. स्वच्छ, सपाट, धूळ नाही. विचार चुकीचा नव्हता. पण ते कलकत्त्याचे आणि हा मारवाडचा. आमच्या भागातलं कुणीही सांगेल की ओहोटीची ती पट्टी म्हणजे फरशी. त्यावरून शेजारच्या चिंचणीच्या बैलगाड्या जातात आणि चाक बोटभर रुतत नाही.

मी धावत खाली गेलो. "साहेब, ही वाळू कडक आहे," म्हणालो.

त्यांचे दोन्ही हात जखमेत होते. मान वर न करता म्हणाले, "आय नो. नाऊ आय नो."

लाकूड एका तुकड्यात निघालं नव्हतं. त्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम समजून सुरू केलेलं, आणि त्यांनी आधीच एकदा क्लोरल वाढवलं होतं. अर्धवट सोडून चालणार नव्हतं. आम्ही गासड्या फोडून मिळेल तिथे पेंढा कोंबला, मानेखाली, पोटाच्या कडेला. पण फरा आणि पुठ्ठा जिथे दबला होता तिथे हातसुद्धा शिरेना. भंवर सिंग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखा तिचा श्वास बघत होता. मी समुद्राकडे बघत होतो. मी किनाऱ्यावरचा. पाणी फिरलं की मला वासाने कळतं.

पाणी फिरलं होतं.

शेवटची चिरफळी निघाली, टाके पडले, वर चरबी थापून घट्ट पट्टी झाली. साहेब उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांनी लांबवर पाहिलं. "कितना टाइम?" मला विचारलं. मी म्हटलं, इथला किनारा सपाट आहे साहेब, पाणी दिसायला लांब दिसतं पण चालत येतं. तासाभरात इथे असेल. ते म्हणाले, तोवर ती उठेल.

ती जागी झाली. कान हलले, डोळा फिरला. भंवर सिंग तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. तिने मान उचलली, पुढचे पाय टाकले आणि जोर केला. उजवा पुढचा पाय खुरापाशी दुमडला. कोपर खाली लोंबलं. मागचा पुठ्ठा उचललाच नाही. धाडकन पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी त्याआधी लढाईतही ऐकला नव्हता.

साहेबांनी उजव्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. मांस लाकडासारखं घट्ट आणि गरम. घामाच्या नुसत्या धारा. साहेब म्हणाले, आता तिला उठू देऊ नका, जितकी धडपडेल तितकं मांस आणखी फाटेल. पोटावर बसती करा, दोन्ही बाजूंनी गासड्या लावा, रक्त खाली जाऊ द्या. वेळ दिला तर पाय परत येतील. वेळ म्हणजे किती, असं कुणी विचारलं नाही. समुद्राचा आवाज यायला लागला होता.

सगळ्यांनी मिळून तिला पोटावर केलं. ओढून वर नेता येईल का पाहिलं. दोर लावले, आठजण लागलो. ती हातभरही सरकेना, उलट कण्हायला लागली आणि साहेबांनी हात वर करून थांबवलं. तोवर किनाऱ्यावर कोळी जमले होते. त्यांचा हिरू तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "नाईकभाऊ, भरती मोठी हाय आज. हितं पुरुषभर पानी येल. जनावराला सोरून तुमी वर जा." मी म्हटलं, कुणी जाणार नाही. तो म्हणाला, मग आमीबी हाय.

तेवढ्यात वायरलेसवाला सेट पाठीवर घेऊन खाली आला. पालघरच्या बाजूची मुख्य चौकी दुपारचा रिपोर्ट मागत होती.

"पोस्ट टू, सिटरेप दो. ओव्हर."

"पोस्ट टू. घोडी डाऊन. टाइड आ रहा है. ओव्हर."

"सब जवान सेफ? ओव्हर."

वायरलेसवाल्याने भंवर सिंगकडे पाहिलं. पाणी त्याच्या मांडीला लागलं होतं आणि तो मैनेचं डोकं खांद्यावर घेऊन तसाच बसला होता. "वेट. आउट," म्हणून त्याने सेट बंद केला.

पहिलं पाणी आलं होतं ते फेसाचं, पातळ. दुसऱ्या लाटेला गासड्या भिजल्या. साहेबांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्यांना दोष देऊ नका. बुडून मरणं हा घोड्यासाठी फार वाईट शेवट, आणि तो टाळणं हे त्यांचं काम होतं. ते म्हणाले, "भंवर सिंग, हटो."

"साहब, हाथ जोड़ता हूँ."

"ऑर्डर है."

"जी साहब," तो म्हणाला आणि हलला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ये मुझे छोड़ के नहीं आई थी."

फौजेत हुकूम न मानण्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला सांगायला नको. मी मधे उभा. साहेबांनी मला सांगितलं असतं की याला ओढ, तर मला ओढावं लागलं असतं. पाणी मैनेच्या मानेपर्यंत यायला चार-पाच लाटा पुरल्या असत्या.

साहेब पलीकडे पाहत होते. तिथे हिरू तांडेलची बोट नांगरलेली होती. ओहोटीत ती एका कुशीवर कललेली असते, आमच्याकडे सगळ्याच असतात. आता तिच्या तळाखाली पाणी शिरलं होतं आणि ती हळूहळू सरळ होत होती.

"नाईक, वह बोट अभी गिरा हुआ था ना?"

"हो साहेब."

"किसने उठाया?"

मी म्हटलं, "पाण्याने."

त्यांनी रिव्हॉल्व्हर परत अडकवलं, चष्मा काढून वायरलेसवाल्याकडे दिला आणि बूट-पट्ट्यासकट पाण्यात गुडघे टेकून मैनेच्या पोटाखाली हात घातला. म्हणाले, वजनच मारतंय ना हिला? मग वजन समुद्राला घेऊ दे. डोकं पाण्यावर ठेवा, बाकी सगळं त्याच्यावर सोडा.

हिरूला हे मी सांगायच्या आधीच कळलं होतं. त्याची माणसं बोटीचं जुनं शीड घेऊन आली, रिकामी पिंपं आणली. शीड मैनेच्या पोटाखालून पाणी आत येईल तसतसं सरकवत गेलो. कापड असं सरकत नाही, लाट आली की इंचभर सुटायचं, तेव्हा ओढायचं. दोन्ही टोकांना पिंपं बांधली. पाणी छातीला आलं. तोवर मैनेची नुसती मान बाहेर, आणि त्या मानेखाली भंवर सिंगचा खांदा. लाट आली की तोही बुडायचा. वर यायचा, खोकायचा, तोंडातलं खारं पाणी थुंकायचा, पण खांदा काढायचा नाही. हिरूने मागून त्याच्या पट्ट्याला धरलं होतं. "याला पोवता नाय येत आन् घोरी वाचवतो," असं तो मला ओरडून म्हणाला. त्या परिस्थितीतही मला हसू आलं.

आणि मग ती हलली. हलली म्हणजे उचलली गेली. हाताखालचं ते प्रचंड वजन एकदम निघून गेलं. शीड सैल पडलं, पिंपं वर आली आणि मैना पाण्यात तरंगत होती, चारी पाय खाली सोडून. तिची धडपड थांबली. मोठा श्वास सोडला तिने. सगळ्यांनी तो ऐकला.

साहेब म्हणाले, घाई नाही, पाण्याबरोबर चला. आम्ही तसंच केलं. पाणी जसं वर चढत गेलं तसं तिला धरून किनाऱ्याकडे सरकत राहिलो. साहेब पाण्याखाली तिचा पुठ्ठा चोळत होते आणि बंगालीत काहीतरी म्हणत होते. कितीतरी वेळाने डावे पाय जमिनीला लागले. मग उजवा मागचा. उजवा पुढचा दुमडायचा, तो मी खाली वाकून हाताने सरळ करायचो, ती त्यावर थोडा भार द्यायची, परत काढायची. भरतीचं पाणी सुरूच्या झाडांपाशी टेकलं तेव्हा ते तिच्या पोटापर्यंत होतं आणि ती स्वतःच्या चार पायांवर उभी होती. थरथरत होती, पण उभी होती. तिथून कोरड्या वाळूवर ती चालत आली. लंगडत, थांबत, पण चालत.

कुणी जयघोष वगैरे केला नाही. भंवर सिंग वाळूवर बसला आणि ओकला, पोटात समुद्रच गेला होता. मग उठला आणि तंबूतून गूळ घेऊन आला. तिने खाल्ला. मी झाडाआड जाऊन रडून घेतलं. लपवायचं काय त्यात.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना तंबूत बोलावलं. भंवर सिंग ताठ उभा राहून म्हणाला की रेत मैंने दिखाई थी, आणि हुकूम मोडल्याची जी सजा असेल ती द्या. साहेब म्हणाले, जागा मी निवडली. आणि हुकूम कसला? मी तर काही ऐकलं नाही, समुद्राचा आवाज फार होता. राऊत, तू ऐकलास? मी म्हटलं, नाही साहेब.

गोष्ट इथे संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मी फौजेतला माणूस, जे झालं ते सांगणार.

दुसऱ्या दिवशी मैनेने लघवी केली ती काळी. काळ्या कॉफीसारखी. साहेबांनी ती काचेच्या बाटलीत उन्हाकडे धरून पाहिली. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की दबून मेलेलं मांस आता रक्तातून वाहतंय आणि ते मूत्रपिंडात जाऊन अडकतंय. पाणी जाईल तितकं पाजा. आम्ही पाजलं. गूळ-मिठाचं पाणी नळीने घातलं. सलाइनच्या बाटल्या होत्या तेवढ्या शिरेतून दिल्या. आणखी बाटल्यांसाठी वायरलेस केला, त्या मुंबईहून आल्याही, वेळेवर आल्या. हिरूच्या घरच्या बायका शहाळी घेऊन आल्या, घोड्याला चालतं का विचारायला. साहेब म्हणाले, चालतं. तिसऱ्या दिवशी तिने दाण्याची थोडी चंदी खाल्ली आणि पोस्टवर सणासारखं वाटलं. भंवर सिंग माझ्याशी थट्टेने बोलला, लग्नाचं आता मैनेला विचारतोच म्हणाला.

त्यानंतर लघवी झालीच नाही. एक थेंब नाही. तोंड पुढ्यातल्या चंदीच्या तोबऱ्यात आणि खायची नाही. पाय सुजले, डोळे आत गेले. उजवा पुठ्ठा निम्मा झाला होता, बघवत नव्हता. बाटल्या शिल्लक होत्या, पण साहेब म्हणाले आत टाकलेलं बाहेर पडत नसेल तर आणखी टाकून तिला आतच बुडवल्यासारखं होईल. त्यावर आज दवाखान्यांत काही असेल. तेव्हा नव्हतं.

एके सकाळी ती आपणहून खाली बसली. मग आडवी झाली. पोट आखडून आखडून दुखत होतं, मान वळवून सारखी कुशीकडे पाहायची. भंवर सिंग तिच्याजवळ बराच वेळ बसला. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. नंतर तो उठला. तंबूत गेला, गणवेश चढवला, पट्टा लावला, टोपी नीट केली आणि कॅप्टनसाहेबांच्या तंबूसमोर जाऊन उभा राहिला. साहेब बाहेर आले.

"साहब," तो म्हणाला, "उस दिन मैंने माँगा था, मत दीजिए. आज माँगता हूँ, दे दीजिए."

साहेब आत जाऊन रिव्हॉल्व्हर घेऊन आले.

डोकं त्यानेच धरलं. मी दुसरं कुणीतरी धरतो म्हणालो, त्याने मान हलवली. तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला. तो तिने चघळला नाही, ओठांत नुसता धरला. भंवर सिंगने तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि मारवाडीत काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही. एकच आवाज झाला. झाडांवरचे कावळे उडाले. साहेबांनी सॅल्यूट केला. घोड्याला सॅल्यूट करायचा असा कुठलाही नियम नाही. मग आम्हीही केला.

सुरूच्या बनात खड्डा खणला. हिरू तांडेल आणि त्याची माणसं बोटी न काढता खणायला आली. डिसेंबरात आमची पोस्ट उठली. साहेब बढतीवर गेले. दोनेक वर्षांनी उत्तर सरहद्दीवर, उतारावरून खेचरं नेताना, भंवर सिंग गेला. मी तिथे नव्हतो. असतो तर काही करू शकलो असतो असंही नाही. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं की या खेपेला त्याला खाली आणायला ती नव्हती.

पालघर आता जिल्हा झालाय. कोळगावला मोठी कचेरी आहे. तिथे वर्षातून एकदा माजी सैनिकांना बोलावतात, शाल देतात आणि बरोबरीचे जे गेले त्यांची नावं घ्यायला सांगतात. गेल्या खेपेला माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि दोन नावं घेतली. सिपाही भंवर सिंग. मैना.

नावं लिहून घेणारी मुलगी तरुण होती, नम्र होती. तिने पेन थांबवलं आणि विचारलं, "काका, मैना म्हणजे? त्यांचा हुद्दा काय लिहू?"

मी म्हटलं, "हुद्दा नव्हता ग तिला. आमच्या तुकडीतली होती. पडली होती, पण उठून उभी राहिली. तेवढंच लिही."